रानबदकांचा बंद हंगाम

हळवीं भातें कापणीस आलीं, म्हणजे आपल्या जिल्ह्यांतील तळीं, खाजणें आणि खाड्यांचे कांठ पाणपक्ष्यांनीं गजबजूं लागतात. याच सुमारास शेतकरी बंधूंच्या तोंडीं एक प्रश्न हटकून येतो: बदकांची शिकार यंदा कोणत्या महिन्यापासून उघडी? विचारणाऱ्यांनीं बहुधा वडिलांकडून ऐकलेलें असतें कीं, पावसाळ्यांत बंदी व हिंवाळ्यांत मोकळीक असा कांहीं नियम आहे. तो नियम खरोखरच होता. पण आतां नाहीं. १९९१ सालापासून रानबदकांच्या किंवा रानहंसांच्या शिकारीस वर्षांतील एकही दिवस मोकळा राहिलेला नाहीं. हें माहीत नसल्यानें एखादा गृहस्थ नकळत तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊं शकतो. म्हणून जुना नियम काय होता व तो कां गेला, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम या पक्ष्यांची ओळख करून घेऊं. कांहीं बदकें बारमाही आपल्याच देशांत राहणारीं. त्यांत शिटीसारखा आवाज करीत रात्रीं चरावयास निघणारी अडई मुख्य. दुसरें काणूक, हें आपल्याकडील सर्वांत लहान बदक. तिसरें हळदी-कुंकू, याच्या काळ्या चोंचेच्या टोकाशीं पिवळा व बुडाशीं तांबडा ठिपका असतो. हें नांव ज्यानें ठेविलें त्याच्या दृष्टीचें कौतुक केलें पाहिजे. उरलेलीं बदकें पाहुणीं. तलवार बदक, थापट्या, चक्रांग वगैरे जाती उत्तरेकडील थंड प्रदेशांतून आश्विन-कार्तिकांत येतात व फाल्गुन-चैत्रांत परततात. चक्रवाक लडाख व तिबेटाकडून येतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब हंस तर हिमालय ओलांडून येतो. परंतु त्याची आवड घाटावरील विस्तीर्ण जलाशयांची, कोंकणांत तो क्वचितच उतरतो.

रत्नागिरी जिल्ह्यांतील पक्ष्यांची शास्त्रीय नोंद फार जुनी आहे. व्हिडाल नांवाच्या सनदी अधिकाऱ्यानें दक्षिण कोंकणांतील पक्ष्यांची पहिली यादी तयार केली व ती १८८० सालीं ह्यूमसाहेबांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. तेव्हांचा जिल्हा मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेला होता. सिंधुदुर्ग त्यांतून १९८१ सालीं वेगळा झाला. मुलूख मात्र तोच: डोंगर चढउताराचे, नद्या आंखूड, तळीं लहान व थोडीं. उजनी किंवा जायकवाडीसारखा पाण्याचा विस्तार येथें नाहीं. त्यामुळें एका तळ्यावर लागोपाठ दोन संध्याकाळीं बार झाले, तर उठलेल्या थव्यास जवळ दुसरा आसरा मिळत नाहीं. घाटावर जें नुकसान पचून जातें, तें येथें पचत नाहीं.

आतां बंद हंगामाचें कारण पाहूं. आपलीं बारमाही बदकें बहुतांशीं पावसाळ्यांत व त्याच्या अखेरीस वितात. अडई सात ते बारा अंडीं घालते. मादी मारली गेली तर एक पक्षी गेला असें नव्हे, सगळें बिऱ्हाड गेलें. शिवाय बदकांचा एक विशेष असा कीं, विणीनंतर त्यांच्या पंखांतील मोठीं पिसें एकदम गळून पडतात. कावळा किंवा कबूतर पिसें हळूहळू बदलतो, म्हणून त्याचें उडणें थांबत नाहीं. बदकास मात्र तीनचार आठवडे उडतांच येत नाहीं. त्या काळांत तें गवतांत, लव्हाळ्यांत दडून राहतें आणि काठीनेंसुद्धां मारलें जाऊं शकतें. विणीचा हा काळ टाळावा, या विचारानेंच पूर्वीचे कायदे झाले. १८८७ च्या कायद्यानें विणीच्या दिवसांत ताज्या मारलेल्या पक्ष्यांच्या विक्रीवर नगरपालिकांच्या व छावण्यांच्या हद्दींत निर्बंध घालण्याची सोय केली. १९१२ च्या कायद्यानें कोणत्या पक्ष्यासाठीं कोणता काळ बंद, हें ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस मिळाला. त्याच्या परिशिष्टांत बदकांचें नांव स्पष्ट होतें. पहिल्या गुन्ह्यास दंड फार तर पन्नास रुपये! पुढें मुंबई राज्याचा स्वतंत्र कायदा १९५१ सालीं झाला, आणि १९७२ सालीं वन्य जीव संरक्षणाचा केंद्रीय कायदा आला. त्यांतही आरंभीं बदकें ‘लहान शिकार’ या सदरांत असून परवाना घेऊन मोकळ्या हंगामांत तीं मारतां येत. १९९१ च्या दुरुस्तीनें ही परवान्याची वाट बंद झाली.

बंद हंगाम पाळूनही बदकें कां वांचलीं नाहींत, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. एक तर हंगाम उघडे तेव्हां उशिरा फुटलेल्या अंड्यांतील पिलें पुरतीं उडूं लागलेलीं नसत. दुसरें, संधिप्रकाशांत पाहुणें कोणतें व घरचें कोणतें हें शिकाऱ्यास ओळखतां येत नसे. तिसरें व मोठें कारण, किती मारावीं याला मर्यादा नव्हती. भरतपूरच्या सरोवरावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीच्या शिकारींत एका दिवसांत ४,२७३ पक्षी पडले. हें सर्व मोकळ्या हंगामांत, म्हणजे कायदेशीर होतें!

अमेरिकेंत हंगामाची पद्धत अद्याप चालू आहे व तेथें ती बऱ्याच अंशीं यशस्वी झाली, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु तेथें दरसाल पक्ष्यांची मोजदाद करून त्या वर्षाची मर्यादा ठरविली जाते. आणि १९३४ पासून प्रत्येक बदकशिकाऱ्यास खास तिकीट विकत घ्यावें लागतें, ज्याच्या उत्पन्नांतून पाणथळ जमिनी विकत घेऊन राखल्या जातात. आपल्याकडे मोजदादीची अशी यंत्रणा नव्हती. पाणपक्ष्यांची स्वयंसेवकांकडून होणारी जानेवारींतील गणना १९८७ सालीं सुरू झाली. मोजल्याशिवाय खर्च करणाऱ्या घराची जी स्थिति होते तीच येथें झाली असती. म्हणून पूर्ण बंदी योग्यच होती, असें माझें मत आहे.

छर्ऱ्यांविषयीं थोडें अधिक सांगावेंसें वाटतें, कारण त्याचा संबंध शेताच्या चिखलाशीं आहे. बदकाच्या पोटांत पेषणी नांवाचा स्नायुमय भाग असतो. दाणे दळण्यासाठीं बदक बारीक खडे गिळून त्यांत ठेवतें. चिखलांत पडलेला शिशाचा छर्रा त्यास खड्यासारखाच भासतो. तो दळला जाऊन शिसें रक्तांत उतरतें, आणि बंदुकीचा बार ज्यास लागलाच नाहीं असा पक्षीही पुढें विषबाधेनें मरतो. शिसें नासत नाहीं. बार संपले तरी छर्रे चिखलांत राहतात. याच कारणास्तव अमेरिकेनें बदकांच्या शिकारींत शिशाचे छर्रे १९९१ पासून पूर्णपणें बंद केले.

आतां शेतकऱ्याची बाजू. अडईचे थवे रात्रीं भातांत उतरून लोंब्या खातात, ही तक्रार खोटी नाहीं, आणि ती हंसून उडवून देणाऱ्यांनीं एक रात्र बांधावर काढावी. परंतु शेतसंरक्षणासाठीं मिळालेला बंदुकीचा परवाना म्हणजे पक्षी मारण्याची परवानगी नव्हे. पिकास खरोखरच धोका असेल तर वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याचा कारणांसह लेखी हुकूम लागतो. तो नसतां शिकार केल्यास, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. घरटें किंवा अंडीं नासणें हीसुद्धां कायद्याच्या भाषेंत शिकारच. विषारी दाणे टाकण्याचा विचार तर कोणीं करूंच नये. त्यांनीं कोंबड्या व गुरेंही दगावतात.

उपाय साधे आहेत. बदक पाण्यावर उतरतें. दाणा भरल्यावर, कापणीपूर्वीं आठदहा दिवस, खाचरांतील पाणी काढून टाकावें. तें पिकासही हितकर, आणि कोरड्या खाचरांत थवा सहसा बसत नाहीं. तळ्यालगतचीं खाचरें आधीं कापावीं व शक्यतो तेथें हळवीं वाणें घ्यावींत. राखण आळीपाळीनें करावी. दिवा व डबा यांनीं एकदोन रात्रीं हुसकलें तरी थवा जागा बदलतो, मात्र नेहमींच्या तळ्यावर त्यास स्वस्थ बसूं द्यावें, नाहींतर तो परत शेतांतच येतो.

काणूक झाडाच्या ढोलींत वितें. पाण्याजवळचें पोकळ झालेलें जुनें झाड जळणाचें म्हणून प्रथम तोडलें जातें, तेंच राखावें. मालवण तालुक्यांतील धामापूरचें तळें १५३० सालीं बांधलेलें असून अद्याप शेतीस पाणी देतें, आणि त्याच्या भोंवतींची झाडीही टिकून आहे. आपल्या लहान तळ्यांना तेवढी झाडी नसली, तरी एक कांठ लव्हाळ्यासह न साफ करतां ठेवणें कोणासही जड जाणार नाहीं.

एखादे वेळीं मेलेल्या बदकाच्या पायांत धातूचें कडें आढळतें. धार संस्थानच्या महाराजांनीं १९२६ सालीं बदकांस अशीं कडीं घालण्याचें काम आरंभिलें व पुढें मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें तें वाढविलें. पक्षी कोठून येतात हें त्यावरूनच कळूं लागलें. असें कडें सांपडल्यास त्यावरील अक्षरें व आंकडे, गांव आणि तारीख लिहून मुंबईस त्या संस्थेकडे पाठवावें. पक्षी जिवंत असेल तर कडें काढूं नये. आंकडे उतरून त्यास सोडून द्यावें, आणि जखमी असल्यास जवळच्या वनखात्याच्या कचेरींत कळवावें.