कायदा मोडतो तो सुपरवायझरच्या एका वाक्यात

"उद्यापासून येऊ नकोस." कारखाना असो, मॉल असो की नगरपालिकेचे कंत्राटी काम, अनेकांची नोकरी या तीन शब्दांत जाते. हे बोलणारा मालक नसतो आणि एचआर अधिकारीही नसतो. तो असतो शिफ्टचा सुपरवायझर, मुकादम, टीम लीडर. कामगार कायद्याचे प्रशिक्षण मात्र मुख्यालयातल्या वातानुकूलित खोलीत होते आणि बहुधा या माणसापर्यंत पोहोचतच नाही.

आपल्या समाजातील तरुण आज दोन्ही बाजूंना आहेत. कुणी कंत्राटी कामगार आहे, तर कुणी पदवी घेऊन नुकताच दहा-वीस माणसांचा वरिष्ठ झाला आहे. म्हणून हा विषय आम्हाला फक्त कंपन्यांचा वाटत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने २९ जुन्या कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता लागू केल्या. ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागणार नाही, ही त्यातली तरतूद आम्हाला घातक वाटते. कामगार संघटनांचा विरोध रास्त आहे. पण जे हक्क कागदावर आले आहेत, ते तरी सुपरवायझरला ठाऊक हवेत ना?

एक साधे उदाहरण घ्या. कामगार दहा मिनिटे उशिरा आला आणि सुपरवायझरने अर्धा दिवस कापला. वेतन संहितेप्रमाणे गैरहजेरीची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणातच करता येते. दहा मिनिटांसाठी चार तासांचा पगार कापणे बेकायदा आहे. दंड लावायचा तर आधी कामगाराचे म्हणणे ऐकावे लागते आणि तो त्या पगाराच्या ३ टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. ओव्हरटाइमचा दर दुप्पट. काम सोडले किंवा काढून टाकले, तर देणे असलेला पगार दोन कामाच्या दिवसांत. नियुक्तीपत्र प्रत्येकाला. आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारी कारखाना कायद्यातील दुरुस्ती १९४६ ची आहे आणि ती ज्या मजूर खात्यात घडली, ते बाबासाहेबांनी १९४२ पासून सांभाळले होते. तरीही "आज थांब, उद्या बघू" हे वाक्य सर्रास चालते.

लैंगिक छळाच्या तक्रारीत पहिली चूकही इथेच होते. बाई तक्रार घेऊन येते आणि वरिष्ठ म्हणतो, "आपसात मिटवून टाका." २०१३ च्या कायद्यानुसार समेटाचा मार्ग फक्त तक्रारदार महिलेने मागितला तरच खुला होतो, आणि पैसे देऊन समेट करता येत नाही. वरिष्ठाचे काम एवढेच की तिला अंतर्गत समितीकडे पोहोचवायचे. तिच्याकडे सर्वसाधारणपणे तीनच महिने असतात. तडजोडीच्या गोडीगुलाबीत ते निघून जातात. कर्मचाऱ्यांसाठी ठराविक काळाने कार्यशाळा घेणे ही याच कायद्याने मालकावर टाकलेली जबाबदारी आहे.

आणि सफाईच्या कामात तर प्रश्न जिवाचा आहे. "पाच मिनिटं उतर, काही होत नाही" असे सांगून माणसाला सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. उतरणारे हात कुणाचे असतात, हे या वाचकांना सांगायला नको. मुकादमाला कायदा नेमका त्या क्षणी आठवला पाहिजे, पंचनाम्याच्या वेळी नव्हे.

जातीचा विषय तर प्रशिक्षणातून सोयीस्करपणे गळतो. चारचौघांत जातीवरून अपमान झाला तर वरिष्ठ त्याला "मस्करी" म्हणतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात तो गुन्हा ठरू शकतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे धम्म स्वीकारला म्हणून हे संरक्षण जात नाही. अपमान लोकांसमोर झाला होता का, हा मुद्दा न्यायालयात कळीचा ठरतो. त्यामुळे तिथे कोण हजर होते, याची नोंद त्याच दिवशी व्हायला हवी.

मग प्रशिक्षण कसे असावे? कलमांची घोकंपट्टी नको. कामगाराने रजा मागितली, गरोदर असल्याचे सांगितले, शिवीगाळीची तक्रार केली. तुम्ही पहिले वाक्य काय बोलाल, हे सुपरवायझरकडून प्रत्यक्ष बोलून घ्यावे. काय नोंदवायचे आणि कुणाला कळवायचे, हेही तिथेच ठरावे. सहा महिन्यांनी हजेरीपट आणि कपातीच्या नोंदी तपासाव्यात. सही केलेल्या उपस्थिती पत्रकापेक्षा त्यातून जास्त कळते. सत्र मराठीत किंवा कामावरच्या भाषेत व्हावे, कामाच्या वेळेत व्हावे आणि ठेकेदाराच्या मुकादमाला त्यातून वगळू नये. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी शेवटी मुख्य मालकावरच येते, त्यामुळे "तो आमचा माणूस नाही" हे उत्तर त्याला परवडणारे नाही.