खाडीचे पाणी संगणकात

मुलांनो, आपल्या दिग्रसजवळची अरुणावती नदी एकाच दिशेने वाहते. तिचे पाणी उलटे फिरून वर निघालेले तुम्ही कधी पाहिले नसेल. गोव्यातील मांडवी नदीत मात्र हे रोज दोनदा घडते. भरती आली की समुद्राचे खारे पाणी नदीत शिरते आणि ओहोटीला परत जाते. (भरती-ओहोटी म्हणजे उर्दूतील मद्द-ओ-जज्र.) नदीच्या अशा भागाला खाडी म्हणतात.

समजा, खाडीत जहाजातून तेल सांडले. सहा तासांनी ते कोठे असेल? खारे पाणी कोणत्या गावापर्यंत चढेल? काठावरच्या शेतकऱ्याला आणि मासेमाराला हे आधी कळायला हवे. पण त्यासाठी खाडीत तेल ओतून पाहता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ संगणकात खाडीचे प्रारूप, म्हणजे मॉडेल, तयार करतात. खाडीचे लहान तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात किती पाणी आले, किती गेले, याचा हिशेब क्षणाक्षणाने पुढे न्यायचा.

सर्वांत साध्या प्रारूपात नदीचे तुकडे फक्त लांबीने पाडतात, पाव कापावा तसे. त्याला कमी समजू नका. १९९३ च्या मार्च-एप्रिलमध्ये मांडवी आणि झुआरी या नद्यांत ठिकठिकाणी पाण्याची पातळी मोजली गेली. मुखापासून सुमारे ४० किलोमीटरपर्यंत भरतीची उंची जवळजवळ कमी झाली नाही. त्यापुढे मात्र ती झपाट्याने घटली. नदी आत अरुंद होत जाते, त्यामुळे भरती चढते; तळाचे घर्षण तिला उतरवते. बराच काळ हे दोन्ही बरोबरीत सुटतात. एवढे समजायला साधा हिशेब पुरतो.

तेल कोणत्या काठाला लागेल हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन पाडतात. तरीही प्रत्येक चौकोनात वरपासून तळापर्यंत पाण्याचा वेग एकच धरलेला असतो. उन्हाळ्यात हे चालते, कारण भरती गोडे आणि खारे पाणी चांगले घुसळते.

पावसाळ्यात गोष्ट बदलते. एक घनमीटर गोडे पाणी सुमारे १००० किलो भरते, तर समुद्राचे सुमारे १०२५ किलो. हलके गोडे पाणी वरून समुद्राकडे जाते आणि जड खारे पाणी खालून आत सरकते. समजा, वरच्या अर्ध्या पाण्याचा वेग सेकंदाला ४० सेंटिमीटर बाहेर आणि खालच्या अर्ध्याचा २० सेंटिमीटर आत आहे. सरासरी येते १० सेंटिमीटर बाहेर. आत शिरणारे खारे पाणी हिशेबातून नाहीसेच झाले! येथे इमारतीच्या मजल्यांसारखे थर पाडणारे तिसरे प्रारूप लागते.

मग नेहमी तेच का वापरू नये? दहा थर म्हणजे दहापट आकडेमोड, शिवाय प्रत्येक थराचा खारेपणा मोजलेला हवा. तळाची खोली चुकीची असेल, तर मोठे प्रारूपही चुकीचेच उत्तर देईल. फक्त ते अधिक ऐटीत देईल.

म्हणून प्रारूपाचीही परीक्षा घेतात. ज्या मोजमापांवरून ते जुळवले, ती परीक्षेत चालत नाहीत. तो पेपर आधीच फुटलेला असतो. उन्हाळ्यातील आकड्यांवर जुळवलेले प्रारूप पावसाळ्यातील पाण्यावर तपासून पाहावे लागते.