रंगापलीकडची हळद

सांगलीहून हरिपूरला जाणारा रस्ता कृष्णेच्या काठाने जातो. गावाच्या टोकाला कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ. नाटकवेड्या मराठी माणसाला हे गाव ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवलांचं म्हणून माहीत असतं. हळदीच्या व्यापाऱ्याला ते माहीत असतं पेवांसाठी. इथल्या मळीच्या घट्ट जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या पेवं खणली गेली आणि सांगलीच्या पेठेतली हळद त्यांत वर्षानुवर्षं सुखरूप राहिली.

पेव म्हणजे जमिनीत पुरलेला रांजणच. तोंड इतकं अरुंद की माणूस कसाबसा आत उतरेल, आणि खाली मात्र पोट रुंदावत गेलेलं. तळाला आणि कडेने पाचट, पाला यांचा जाड थर लावायचा, म्हणजे हळदीला माती आणि ओल लागत नाही. मग हळकुंडं भरायची, तोंड झाकायचं आणि वरून माती लिंपून टाकायची. भाव येईपर्यंत त्या मालाकडे कुणी पाहायचं नाही.

खरी काळजी असते ती पेव उघडताना. तोंड मोकळं केल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही. काही तास हवा खेळू देतात, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. ज्योत तग धरून राहिली, तरच माणूस उतरतो. बंद पेवात हळकुंडं, कीड, बुरशी हे सगळे मिळून प्राणवायू संपवतात आणि आत कर्बवायू साठतो. प्राणवायू जवळजवळ संपलेल्या त्या हवेत हळद पोखरणारा भुंगाही जगत नाही. माणसाच्या जिवावर उठणारी तीच हवा हळद राखते. धान्य साठवण्यासाठी हल्ली ज्या हवाबंद पिशव्या मिळतात, त्यांचं तत्त्व हेच आहे. हरिपूरकरांनी ते प्रयोगशाळेविना, मातीच्या आणि अनुभवाच्या बळावर साधलं होतं.

2005 च्या महापुरात कृष्णेचं पाणी या पेवांत शिरलं आणि भरलेला माल सडला. कित्येक पेवं कायमची निकामी झाली. 2019 चा पूर त्याहून मोठा होता. व्यापारी आता गोदामं आणि शीतगृहांकडे वळले आहेत, आणि त्यांना दोष देता येणार नाही. पण सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्या नावामागे ही पेवंही उभी होती. उरलीसुरली पेवं नोंदवून, जपून ठेवण्याचं काम अजून व्हायचं आहे, आणि ते व्हायलाच हवं.

सांगली ही हळदीची पेठ. तिथे येणारा माल मात्र दूरदूरच्या शिवारांतला असतो. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला मानांकन मिळालं ते सांगलीच्याही आधी, 2016 मध्ये. मराठवाड्यात हिंगोली जिल्हा आणि त्यातला वसमत परिसर आज राज्यातलं हळदीचं मोठं आगर झाला आहे. तमिळनाडूत इरोड, तेलंगणात निजामाबाद, ओडिशात कंधमाळ, मेघालयात लाकाडोंग अशी हळदीची आणखीही घराणी आहेत.

या पिकाची एक गोष्ट मला विलक्षण वाटते. हळदीला फूल येतं, सुंदर येतं, पण त्यातून बी धरत नाही म्हटलं तरी चालेल. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बीज नीट तयारच होत नाही. म्हणजे आज शेतात उभी असलेली हळद कुणीतरी कुणाच्या तरी हातून घेतलेल्या गड्ड्यातून उगवलेली आहे, आणि तो गड्डाही तसाच. माणसाने लावणं थांबवलं, तर फार काळ टिकणारं हे पीक नव्हे. म्हणून शेतकरी बेण्याला जिवापाड जपतो. काढणीनंतर जेठे, म्हणजे मुख्य, गड्डे वेगळे काढायचे, सावलीत ढीग लावून पाल्याने झाकायचे आणि अक्षय तृतीयेच्या सुमाराला लागवडीला काढायचे. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं हळद संशोधन केंद्र आहे. ‘फुले स्वरूपा’सारखे वाण तिथूनच शेतकऱ्यांकडे गेले.

आठ-नऊ महिन्यांनी पाला वाळतो, कापला जातो, आणि माघ-फाल्गुनात काढणी लागते. नवख्याला वाटतं, आता काम संपलं. खरं कष्टाचं काम तर इथून सुरू होतं. ओली हळद जशीच्या तशी वाळवली तर महिना उलटला तरी वाळत नाही आणि रंग एकसारखा येत नाही. म्हणून ती शिजवायची. पूर्वी रानातच चूल खणून त्यावर मोठी काहील चढवत, हळद बुडेल इतकं पाणी घालत आणि वरून हळदीचाच पाला व गोणपाट दाबत. आता वाफेचे कुकर आले आहेत, त्यात पाणी आणि जळण दोन्ही कमी लागतं. फेस येऊन घमघमाट सुटला की हळकुंडात काडी टोचून बघायची, ती सहज आरपार गेली की झालं. कमी शिजली तर आत कच्ची राहते, जास्त शिजली तर रंग जातो. मग दहा-पंधरा दिवस कडक उन्हात वाळवण. पाच किलो ओल्या हळदीची जेमतेम एक किलो वाळकी हळद हाती येते. वाळलेलं हळकुंड मोडलं की खणखणीत आवाज होतो.

शेवटी पॉलिश. लोखंडी जाळीच्या पिंपात हळकुंडं फिरवायची, ती एकमेकांवर घासतात आणि वरची खरबरीत साल, मुळ्या गळून पडतात. मळकट, सुरकुतलेला कंद पिवळाधमक होऊन बाहेर येतो. सौद्याला व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, पण ढिगाकडे त्याची पावलं वळतात ती वरच्या रंगामुळे. रंगाचा हा मोह पुढे कुठवर जातो, ते सांगायचंच आहे.

त्याआधी थोडं स्वयंपाकघरात जाऊ. फोडणीत मोहरी तडतडली, हिंग पडला की हळद घालायची आणि लगेच भाजी टाकायची. हळद आधी घातली तर करपून कडू होते, आणि नुसत्या पाण्यात घातली तर कच्ची लागते. तिचं मुख्य रंगद्रव्य, कुरकुमिन, पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. म्हणून आजीच्या हळदीच्या दुधात तुपाचा थेंब असतो तो उगाच नव्हे. कोकणात आणि गोव्यात तर हळदीचं पानही सोडत नाहीत. नागपंचमीला हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापून, आत गूळ-खोबरं भरून पातोळ्या उकडतात. गोव्यातली ख्रिस्ती घरंही पंधरा ऑगस्टला, मारियेच्या सणाला, त्याच करतात. कपाळावरचं जुन्या रीतीचं कुंकूसुद्धा हळदीचंच: हळदीत टाकणखार आणि लिंबाचा रस पडला की ती लाल होते. हळदीच्या रंगातला पदार्थ टाकणखारातल्या बोरॉनशी जुळतो, म्हणून हा लाल रंग उमटतो.

औषध म्हणून हळदीची नोंद फार जुनी आहे. चरकसंहितेत ती कुष्ठघ्न (त्वचारोगांवरच्या), विषघ्न आणि लेखनीय (मेद घटवणाऱ्या) द्रव्यांच्या गणांत येते. हळद आणि आवळा यांचा प्रमेहावरचा योग आजही वैद्य देतात. आणि जखमेवर हळद दाबणं तर आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. त्याच जखमेवरच्या हळदीचं पेटंट 28 मार्च 1995 रोजी अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. संशोधक दोघेही मूळचे भारतीय.

पुढच्या वर्षी भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे. परिषदेने 1996 मध्ये पेटंटला आव्हान दिलं. ‘आमच्या घराघरांत हे माहीत आहे’ एवढं सांगून भागणार नव्हतं. अमेरिकी कायद्याला परदेशातली तोंडी परंपरा चालत नव्हती, छापील पुरावा लागत होता. परिषदेने 32 संदर्भ काढले. त्यांत जुने संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला 1953 चा एक लेखही होता. ऑगस्ट 1997 मध्ये पेटंट रद्द ठरलं. विकसनशील देशाने पारंपरिक ज्ञानाच्या आधारावर अमेरिकेत मिळवलेला हा ठळक विजय, आणि त्यातूनच पुढे पारंपरिक ज्ञानाचं अंकीय ग्रंथालय उभं राहिलं. मला त्याचा अभिमान आहे. पण त्या विजयाचा एक अर्थ आपण सोयीने विसरलो. पेटंट रद्द झालं ते ‘हे नवं नाही’ म्हणून. हळद अमुक रोग बरा करते, असा निवाडा त्या खटल्याने दिलेला नाही.

तो निवाडा प्रयोगांनीच द्यायचा असतो, आणि तिथलं चित्र संमिश्र आहे. कुरकुमिन 1815 साली वेगळं काढलं गेलं, 1910 मध्ये त्याची रचना कळली. काचेच्या नळीत ते जवळपास प्रत्येक रोगावर काही ना काही करताना दिसतं. शरीरात मात्र ते आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही आणि शोषलं तरी झटकन बाहेर पडतं. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की 2 ग्रॅम कुरकुमिनबरोबर मिऱ्यातलं 20 मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तर शोषण वीसपट वाढतं. 2017 मध्ये औषध-रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने या संशोधनाचा सगळा साठा चाळला आणि सांगितलं की हा रेणू चाचण्यांना फसवतो, त्यामुळे आशादायक दिसणारे कित्येक निकाल पोकळ आहेत. दुसरीकडे थायलंडमध्ये गुडघेदुखीच्या 367 रुग्णांवर चार आठवडे चाचणी झाली. दिवसाला 1500 मिलिग्रॅम हळदीचा अर्क आयबुप्रोफेनइतकाच उपयोगी ठरला, आणि पोटदुखीचा त्रास त्याहून कमी झाला. सांध्यांच्या दुखण्यावर हळदीचं काही काम आहे, असं मी मानतो. कर्करोगावर, विस्मरणावर ती उतारा आहे असं छातीठोक सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

इथे साधा हिशेब करावा. साधारण हळदीत कुरकुमिन दोन ते पाच टक्के. चमचाभर, म्हणजे सुमारे 3 ग्रॅम हळदीत ते 60 ते 150 मिलिग्रॅम भरतं. कॅप्सूलमधला अर्क याच्या कैक पट असतो, आणि वर मिऱ्याचा सत्त्वांश घालून त्याचं शोषण वाढवलेलं असतं. अमेरिकेत आणि इटलीत अशा पूरक गोळ्यांनी यकृताला सूज आल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत, ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी 2023 मध्ये इशारा दिला आहे. रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांनी, पित्ताशयात खडे असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. फोडणीतली हळद आणि बाटलीतली गोळी यांना एकच वस्तू समजण्याची चूक महागात पडते.

आता रंगाचा मोह. बांगलादेशात 1980 च्या दशकात मोठ्या पुराने हळकुंडं काळवंडली. ती पिवळी दिसावीत म्हणून पॉलिश करताना शिसेयुक्त क्रोमेट टाकायला सुरुवात झाली. हा रंग मुळात रंगकामासाठी वापरतात. शिसं पोटात गेलं की मुलांच्या मेंदूची वाढ कायमची खुंटवतं, त्याची सुरक्षित मात्रा कुठलीच नाही. 2019 मध्ये संशोधकांनी गरोदर स्त्रियांच्या रक्तातलं शिसं या हळदीतल्या शिशाशी जुळतं हे दाखवून दिलं. सरकारने बाजारांत धाडी घातल्या, दंड केले, गावोगाव सूचना लावल्या. त्या वर्षी 47 टक्के नमुन्यांत शिसं होतं, 2021 मध्ये ते शून्यावर आलं. दोन वर्षांत. गरीब देशाने हे करून दाखवलं.

2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आशियातल्या हळदीच्या पाहणीत भारतातल्या पाटण्याच्या काही नमुन्यांत 1000 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमहून अधिक शिसं आढळलं. आपल्या कायद्याची मर्यादा 10 आहे. खुली, सुटी विकली जाणारी हळद बंद पाकिटातल्या हळदीपेक्षा जास्त दूषित होती. आणि नीट ध्यानात घ्या: शिसं फक्त दळलेल्या पुडीत नसतं, ते पॉलिश केलेल्या अखंड हळकुंडांवरही चोपडलेलं असतं. म्हणजे ‘आम्ही हळकुंडं आणून घरी दळतो’ एवढ्याने निर्धास्त होता येत नाही. ही भेसळ घरच्या घरी पाण्यात टाकून खात्रीने ओळखता येत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं आहे. यंदा हळद घेताना डोळ्यात भरणारा पिवळा रंग टाळा. पॉलिश न केलेलं, फिकट-मळकट हळकुंड मागा, आणि दुकानदाराला ते कुठल्या शिवारातलं आहे हे विचारा. आणि आपल्या अन्न व औषध प्रशासनाने पेठेतले नमुने तपासून शिशाचे आकडे दर वर्षी जाहीर करावेत, यासाठी एखाद्या ग्राहक मंडळामार्फत लेखी मागणी करा.