गळ्यांतील गांठ आणि सुईची परीक्षा

कंठग्रंथीचे बहुतेक कर्करोग मंदगति असतात. ‘ॲनाप्लास्टिक’ हा विरळा प्रकार मात्र थोड्या आठवड्यांत फोफावून श्वासनलिका दाबूं लागतो. अशा गांठींतून बारीक सुईनें पेशी ओढून, कांचेवर पसरून रंगवितात. अवाढव्य, वेडींवांकडीं केंद्रकें, बेसुमार पेशीविभाजन व मृत पेशींचा गाळ दिसला, कीं तज्ज्ञास शंका येते. पण लिम्फोमाही असाच झपाट्यानें वाढतो आणि तो पुष्कळदां औषधांनीं बरा होतो. म्हणून दोहोंतील भेद ठरविणें अगत्याचें. सुईंत केवळ गाळच आला, तर जाड सुईनें तुकडा घ्यावा लागतो. ॲनाप्लास्टिक पेशींत ‘ब्राफ’ जनुकाचा विशिष्ट दोष सांपडल्यास, अमेरिकेंत २०१८ सालीं मान्य झालेली डॅब्राफेनिब-ट्रॅमेटिनिब ही औषधजोडी उपयोगी पडूं शकते. तेव्हां साठीनंतर गळ्यांतील गांठ एकाएकीं वाढूं लागली, तर ‘पाहूं पुढें’ असें म्हणूं नये.