गाडीतला आवाज: आधी वाटणी, मग डागडुजी

आजचा विषय आहे गाडीतली म्युझिक सिस्टीम, आणि त्यातही क्रॉसओव्हर आणि इक्वलायझर. मलकापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे किंवा इकडं कोल्हापूरकडे रोज गाडी चालवणारे बरेच जण समोर बसलेत. तुमचा दिवसातला मोठा वेळ त्या आवाजात जातो. म्हणून पैसे कशावर घालायचे आणि बटणं कुठल्या क्रमानं फिरवायची, एवढंच आज बघू.

आधी क्रॉसओव्हर. कुस्तीच्या मैदानात हलगी-घुमकं वाजतं ते आठवा. हलगी कडकडते, घुमकं घुमतं. हलगीवाल्याला कुणी घुमक्याचा आवाज काढायला सांगत नाही. स्पीकरचंही तसंच आहे. माणसाच्या कानाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. एवढा सगळा पट्टा एकच स्पीकर नीट वाजवू शकत नाही. खालचा आवाज काढायला मोठा पडदा आणि भरपूर हवा ढकलावी लागते, तर वरच्या आवाजाला हलका, लहान पडदा लागतो. म्हणून सबवूफर, दारातले स्पीकर आणि ट्विटर असे तीन गडी. त्यांच्यात कामाची वाटणी करतो तो क्रॉसओव्हर.

ही वाटणी दोन प्रकारे होते. पहिला प्रकार पॅसिव्ह. यात अँप्लिफायर आणि स्पीकरच्या मध्ये कॉइल आणि कपॅसिटर असतात. तुम्ही ट्विटरच्या वायरीत बारीकसा कपॅसिटर बघितला असेल. 4 ओहमच्या ट्विटरला 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, की साधारण 4,000 हर्ट्झच्या खालचा आवाज उतरत जातो. काही जण जोडणी करताना तो काढून टाकतात. मग जाड आवाजाचा सगळा भार त्या नाजूक ट्विटरवर येतो आणि तो जळतो. दुसरा प्रकार अ‍ॅक्टिव्ह. यात वाटणी अँप्लिफायरच्या आधीच होते, आणि कुठं तोडायचं ते आपल्याला ठरवता येतं. डेकमध्ये किंवा अँप्लिफायरवर ‘एचपीएफ’ आणि ‘एलपीएफ’ असं लिहिलेलं असतं. एचपीएफ वरचा आवाज पुढं जाऊ देतो, एलपीएफ खालचा.

सुरुवात कुठून करायची? सबवूफरला एलपीएफ 80 हर्ट्झ. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला एचपीएफ 80 हर्ट्झ. ट्विटर वेगळा चालवत असाल तर त्याला 3,500 हर्ट्झच्या आसपास एचपीएफ, पण कंपनीनं सांगितलेल्या आकड्याच्या खाली जाऊ नका. सोबत उतारही बघायचा. 12 डेसिबलचा उतार म्हणजे 80 वर तोडलेला स्पीकर 40 हर्ट्झला सुमारे 12 डेसिबल खाली, म्हणजे ताकद सोळावा हिस्सा. ट्विटरला 24 चा उतार मिळाला तर घ्या, तो जास्त सुरक्षित राहतो.

आता इक्वलायझर. क्रॉसओव्हर वाटणी करतो, तर इक्वलायझर वाटणी झाल्यावर उरलेली डागडुजी करतो. बंद गाडीत काच आवाज परतवते, सीट तो शोषते आणि ड्रायव्हर एका स्पीकरला चिकटून बसलेला असतो. त्यामुळं काही सूर फुगतात, काही दबतात. फुगलेले सूर खाली आणणं, हे इक्वलायझरचं खरं काम. पण आपल्याकडं बहुतेक जण सगळ्या दांड्या वर चढवून हसरं तोंड करून ठेवतात, आणि तिथंच घोटाळा होतो.

हिशेब बघा. 3 डेसिबल वाढवले की ताकद दुप्पट लागते. बेस 12 डेसिबलनं चढवला, तर तेवढ्या पट्ट्यात सोळापट. समजा डेक एका चॅनलला खरे 18 वॅट देतोय. जोराच्या आवाजात त्याच्याकडं जादा ताकद असणार कुठून? मग तो लाटेचे शेंडे छाटतो. त्यालाच क्लिपिंग म्हणतात. आवाज फाटतो आणि त्या फाटलेल्या आवाजानं ट्विटर तापतो. म्हणून नियम लक्षात ठेवा: जे जास्त आहे ते कमी करा, आणि वाढवायचंच असेल तर 2-3 डेसिबलच्या पुढं जाऊ नका.

काही खड्डे तर इक्वलायझरनं भरतच नाहीत. दोन स्पीकरचा आवाज एकमेकांना खोडत असेल, तर दांडी कितीही चढवा, दोन्हीकडून वाढतं आणि पुन्हा खोडलं जातं. आवाज मोकळा, पोकळ वाटला तर आधी एखाद्या स्पीकरची प्लस-मायनस वायर उलटी तर नाही ना, ते तपासा. ते फुकट होतं.

विकत घेताना काय बघायचं? ग्राफिक इक्वलायझरमध्ये ठरलेल्या जागी दांड्या असतात. 5-7 पट्ट्यांचा ढोबळ सुधारणेला पुरतो, 31 पट्ट्यांचा बारीक कामाला. पॅरामेट्रिकमध्ये कुठला सूर, किती आणि किती रुंदीत, हे तिन्ही आपण ठरवतो. डीएसपी घेतला तर त्यात क्रॉसओव्हर, इक्वलायझर आणि जवळच्या स्पीकरला थोडं उशिरा वाजवायची सोय एकत्र मिळते. 1 मीटरचा फरक म्हणजे जवळजवळ 3 मिलिसेकंद. पण खरेदीच्या आधी तुमच्या डेकचं पुस्तक उघडा. अनेक डेकमध्ये एचपीएफ आणि इक्वलायझर आधीच असतो, कुणी हात लावलेला नसतो एवढंच. आणि दार खडखडत असेल तर पहिला पैसा दाराच्या डॅम्पिंगला द्या.

सेटिंग गाडी उभी करूनच करा. सगळ्या दांड्या शून्यावर, मग क्रॉसओव्हर, मग स्पीकरची पातळी, शेवटी इक्वलायझर. ओळखीचं गाणं लावा. डग्ग्याची घुमक सुटी ऐकू येते का? गाणाऱ्या बाईचा आवाज टोचत असेल तर 2,000 ते 4,000 हर्ट्झमध्ये थोडं कमी करा.

शेवटचं, आणि महत्त्वाचं. वाटणी नीट झाली की आवाज चढवायची गरजच कमी होते. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आहे: 85 डेसिबलला दिवसात 8 तास, आणि पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 94 ला 1 तास, 100 ला फक्त 15 मिनिटं. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. ट्विटर बाजारात नवा मिळतो, कान मिळत नाही. आणि पावसाळ्यात आंबा घाटात धुकं उतरतं तेव्हा वळणापलीकडची गाडी दिसायच्या आधी तिचा हॉर्न ऐकू यावा लागतो. सिस्टीम एवढी चांगली लावा, की कमी आवाजातही गाणं पुरं ऐकू येईल आणि हॉर्नही.

आता कुणाच्या डेकचे काही प्रश्न असतील तर विचारा.