केबलच्या पोटात काय असते?

समजा, पाथर्डीच्या बाजारातून तुम्ही केबल आणली. फोन चार्ज झाला; पण सहलीचे फोटो शाळेच्या संगणकात उतरेनात. असे का?

‘यूएसबी’ हे जोडणीचे मानक १९९६ साली आले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेल्या अजय भट्ट यांचा त्यात मोठा वाटा होता. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात : दोन विजेच्या, दोन माहितीच्या. काही स्वस्त केबलांत माहितीची जोडी नसतेच!

ही जोडी पिळलेली असते. तिच्या दोन तारांतून परस्परविरुद्ध संकेत जातात. बाहेरचा विद्युत्-गोंगाट दोन्हींवर सारखाच पडतो आणि संकेतांची वजाबाकी करताच नाहीसा होतो. म्हणूनच सेकंदाला ४८० मेगाबिटचा वेग साधतो. २००८ साली ५,००० मेगाबिट गाठण्यासाठी आणखी दोन जोड्या घालाव्या लागल्या.

तेव्हा केबल घेताना वेष्टनावरचा माहितीचा वेग जरूर वाचा.