क्वचित निघणाऱ्या गाडीचे ब्रेक

कोपरगावातील अनेक घरांत दहा-पंधरा वर्षांची एखादी मोटार असते. मुले पुण्या-मुंबईकडे स्थिरावलेली. गाडी आई-वडिलांच्या सोयीसाठी ठेवलेली. ती कधी शिर्डीला, कधी तपासणीसाठी नाशिकला जाते. एरवी आच्छादनाखाली उभी असते. ‘चालतेच कितीशी!’ या समजुतीने ब्रेककडे दुर्लक्ष होते. वस्तुतः उभ्या गाडीचे ब्रेकही जीर्ण होतात.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ओलावा वाढला की ते कमी तापमानाला उकळते आणि घाट उतरताना पेडल अचानक खोल जाऊ शकते. म्हणून गाडी कितीही कमी चालली असली, तरी ते साधारणतः दर दोन वर्षांनी बदलावे. पावसाळ्यात डिस्कवर गंज चढतो. दीर्घकाळ ओढून ठेवलेल्या हँडब्रेकमुळे मागचे लायनर ड्रमला चिकटू शकतात. गाडी अनेक दिवस उभी राहणार असेल, तर ती सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत.

झीज मात्र हळूहळू होते आणि म्हणूनच ती अंगवळणी पडते. पेडल जोरात दाबावे लागले, तर ज्येष्ठ चालक आपल्या गुडघ्यांना दोष देतो. हा दोष आधी गाडीत शोधावा. ब्रेक दाबताच किंचाळल्यासारखा किंवा लोखंड घासल्याचा आवाज, पेडलला थरथर, गाडी एका बाजूला ओढली जाणे, पेडल मऊ लागणे ही लक्षणे दिसताच गाडी गॅरेजमध्ये दाखवावी. ब्रेक ऑइलची पातळी उतरली, तर नुसती भर घालून समाधान मानू नये; पॅड झिजल्याची किंवा गळतीची ती खूण असते.

नव्या पॅडचा थर साधारण १० मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत, आणि तेही समोरच्या दोन्ही चाकांचे एकदम. डिस्क, मागचे लायनर व रबरी नळ्याही तपासून घ्याव्यात. काढलेले जुने पॅड पाहायला मागावेत. काही जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. म्हणून हवेच्या झोताने धूळ उडवली जात असताना तेथे उभे राहू नये. नवे पॅड नीट बसेपर्यंत पहिले दोन-तीनशे किलोमीटर गाडी सबुरीने चालवावी.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. वयोमानाने पाय ब्रेकवर जाण्यास अर्धा सेकंद उशीर झाला, तर ब्रेक लागण्यापूर्वीच ती आठ मीटर पुढे गेलेली असते. त्यात ब्रेक झिजलेले असतील, तर थांबण्याचे अंतर आणखी वाढते. गळीत हंगामात नगर-मनमाड रस्त्यावर रात्री पुढे उसाची ट्रॉली आली, म्हणजे या अंतराचे मोल कळते.

ब्रेक दुरुस्त झाल्यावरही पेडल जड वाटले किंवा पायाखाली नीट जाणवले नाही, तर चालकाची तपासणी करावी. दीर्घकालीन मधुमेहात तळपायाची संवेदना मंदावते. सांधेदुखीने पायातील जोर घटतो. काही औषधांनी झोपाळलेपणही येते. पंचावन्न वर्षांनंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी होते आणि त्यासाठी वैद्यकीय दाखला लागतो. परंतु पाच वर्षांत शरीरात आणि गाडीत पुष्कळ बदल होतात. म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घरातील तरुणांनी दोन्ही तपासण्या एकत्र करून घ्याव्यात: गाडीच्या ब्रेकची आणि तो दाबणाऱ्या पायाची.